पपांच्या थडग्यावर डबल स्टँड

*गाडी सपाट व टणक जागेवर उभी करावी.*

स्टँडबरोबर आलेल्या कागदावरचं हे पहिलंच वाक्य मोएरोआने दोनदा मोठ्याने वाचलं आणि अंगणाकडे पाहिलं. अंगणात वाळू होती. वाळू नव्हती तिथे नारळाची मुळं होती, आणि मुळं नव्हती तिथे डुकराने उकरून ठेवलं होतं. स्वयंपाकघराची फरशी तेवढी सपाट होती. पण तिथे गाडी नेली असती, तर अकाइतीने त्याच फरशीखाली त्याला गाडलं असतं.

"नाही जमायचं," तो म्हणाला. "आपल्याकडे सपाट जागाच नाही."

हे बोलताना त्याला झालेला आनंद अकाइतीला पायरीवरूनही दिसला. बत्तीस वर्षं संसार केल्यावर बाईला नवऱ्याची नुसती पाठ पाहून कळतं, तो हसतोय की नाही ते.

"आहे की," ती म्हणाली. "पपा आहेत."

पपा म्हणजे तिचे वडील, बेटावरच्या मातावेरा गावच्या चर्चचे डीकन, पाळकांच्या खालोखालचे. नऊ वर्षांपूर्वी वारले आणि इथल्या सगळ्यांसारखे घरासमोरच पुरले गेले. थडगं वीतभर उंच, आठ फूट लांब, वर बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्स, आणि ऊन लागू नये म्हणून चार खांबांवर पत्र्याचं छप्पर. त्या खांबांना दोरी बांधून कपडेही वाळत घालता येत. काम इतकं सरळ, की एका टोकाला लिंबू ठेवलं तर संध्याकाळी तिथेच सापडावं. मरताना पपांनी तेवढंच मागितलं होतं: डोक्याकडे उतार नको, मला आधीच पित्ताचा त्रास आहे.

"अगं, बाप आहे तुझा!" मोएरोआ म्हणाला.

"माझा आहे ना? मग मी विचारते." ती थडग्याकडे वळली. "पपा, गाडी ठेवू का?" थोडं थांबली. "नाही म्हणाले नाहीत."

*

फेब्रुवारीत ऑकलंडला जाऊन अकाइतीने डावा खुबा बदलून घेतला होता. खुबा झकास बसला. डॉक्टरने वीस किलो वजन उतरवायला सांगितलं; तिने पाच उतरवले आणि सहा चढवले. पण साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलून उभी राहते, ती सरळ करायला कमरेतून पिळवटावं लागतं, आणि ते मात्र आता जमत नव्हतं. मे महिन्यात चर्चच्या फाटकाशी साइड स्टँड वाळूत रुतला. गाडी पडली, अकाइती तिच्याखाली, आणि जाता जाता गाडीने पाळकांची आणि आणखी दोघांच्या गाड्या रांगेने आडव्या केल्या.

त्या दिवशी मोएरोआने किल्ली खिशात टाकली. "ज्या दिवशी ही गाडी तू एकटी उभी करशील, त्या दिवशी किल्ली तुझी."

तेव्हापासून ती मागच्या सीटवर. आणि मोएरोआ गाडी चालवायचा म्हणजे जनसंपर्क करायचा. कुणाच्या डुकरिणीला किती पिल्लं झाली, कुणाचा भाचा सिडनीहून आला, तारोचे कंद कुणाकडे जास्त झालेत, सगळ्या दारांत थांबत थांबत जायचं. चारची गाण्याची तालीम, ही दोघं साडेचारला पोचायची. बायकांच्या बाजूने गाणं उचलायचं, म्हणजे पहिली ओळ एकटीने भिरकावून द्यायची आणि मग बाकीच्यांनी ती झेलायची, हे काम एकोणीस वर्षं अकाइतीचं होतं. गेल्या शनिवारी ती दारात पोचली तेव्हा गाणं तुआइनेने उचललं होतं. वर पाळकांची बायको येऊन प्रेमाने म्हणाली, "पुढच्या शनिवारीही उशीर झाला, तर राहू दे हं अकाइती. तुआइने करेल. तू आराम कर."

प्रेमाने म्हणाली, हे जास्त लागलं.

आज पुढचा शनिवार होता. दीड वाजला होता. डबल स्टँड कालच्या विमानाने आला होता, भाच्याच्या सामानातून, गोठवलेल्या मटणाच्या खोक्यात, मटणाच्याही खाली.

*

*दोन व्यक्ती आवश्यक.*

दुसरी व्यक्ती काइरुआ. अकाइतीचा चुलतभाऊ, विमानतळावर सामान चढवायचा-उतरवायचा आणि त्यामुळे स्वतःला निम्मा इंजिनिअर समजायचा. त्याने फळी लावून गाडी थडग्यावर चढवली, छपराच्या वाशाला दोर टाकला, आणि गाडीला मागून असं टांगलं की ती सरळही राहिली आणि तिच्या पोटाखाली हात घालायला जागाही झाली.

"दाजी, धरा."

"धरलंय. छप्पर पडेल."

"छप्पर माझ्या बापाने बांधलंय."

"म्हणून तर म्हणतोय."

*स्टँड खालून बसवून दोन्ही बोल्ट घट्ट करावेत.*

बसवला. केले. यात सांगण्यासारखं काही घडलं नाही, फक्त काइरुआने एकदा पपांच्या जन्मतारखेवर ऑइल सांडलं.

*स्प्रिंग अडकवावी.*

हे दोन शब्द ज्याने लिहिले, त्याने आयुष्यात कधी स्प्रिंग अडकवली नसणार. स्प्रिंगचं एक टोक स्टँडला अडकलं. दुसरं टोक गाडीच्या आकड्यापासून बोटभर अलीकडे राहिलं आणि तिथून हलेना. काइरुआने पक्कड लावली. मोएरोआने स्क्रूड्रायव्हर घातला. मग दोघांनी मिळून दोर लावून ओढलं.

"ओढा, दाजी!"

"ओढतोय!"

"हे ओढणं? घरजावयासारखं नका ओढू!"

"घरजावयाला कसं ओढायचं ते माहीत असतं, साल्या. बत्तीस वर्षं तेच करतोय."

"आलं, आलं, आलं—"

सुटलं. स्प्रिंग दोघांच्या मधून सणसणत गेली आणि पपांच्या उशाशी बसलेल्या चिनी मातीच्या कबुतराची चोच घेऊन केळीत शिरली.

कबुतर आता बरंचसं पपांसारखं दिसत होतं.

"पुढे काय लिहिलंय?" अकाइतीने विचारलं.

काइरुआने इकडेतिकडे पाहिलं. कागदाला त्याने मघाशीच हात पुसले होते. पुढची पायरी ऑइलखाली काळीकुट्ट झाली होती.

*

आता पायऱ्या नाहीत. फक्त घड्याळ: पावणेतीन.

"नाणी लागतील," केळीतून स्प्रिंग शोधून आणत काइरुआ म्हणाला. "स्प्रिंग वाकवायची, वेटोळ्यांच्या फटीत नाणं सरकवायचं. मग दुसरीकडे वाकवायची, दुसरं नाणं. असं करत करत ती फाकते, लांब होते. मग नुसती अडकवायची. विमानाच्या गाड्यांना आम्ही असंच करतो."

"विमान पडत नाही का?" मोएरोआने विचारलं.

त्याच्या खिशातली न्यूझीलंडची चिल्लर बारीक निघाली. फटीतून सरळ आरपार गेली. जाड नाणी पाहिजेत म्हणताच अकाइती उठली, घरात गेली आणि पलंगाखालचा बिस्किटांचा डबा घेऊन आली.

डबा पपांचा होता. आतमध्ये जुने, जाडजूड, नक्षीदार कडेचे डॉलर, आणि त्या प्रत्येकावर तांगारोआ: पाद्री येण्याच्या आधीचा इथला देव, अंगावर चिंधी नाही, सगळं काही समोर, आणि सगळं काही भरपूर. सरकारने नाण्यावर त्याला छापला तेव्हा पपांचा तिळपापड झाला होता. रविवारी दानपेटीत असं नाणं आलं, की पपा ते काढून घेत आणि खिशातली नोट टाकत. उघडा देव चर्चमध्ये नको. पण खर्चही करता येईना, कारण खर्च केलं की ते फिरून दानपेटीत यायचं. वीस वर्षं पपांनी तांगारोआला पलंगाखाली कोंडून ठेवलं आणि स्वतः त्याच्यावर झोपले.

"ताई," काइरुआ हळू आवाजात म्हणाला, "हा उघडा देव? पपांच्या उरावर?"

"पपा, डोळे मिटा," अकाइती म्हणाली.

"मिटलेलेच आहेत," मोएरोआ म्हणाला.

पहिला तांगारोआ गेला. दुसरा गेला. सातवा गेला तेव्हा स्प्रिंग उंदीर गिळलेल्या सापासारखी दिसायला लागली. अकराव्याला ती आकड्यापर्यंत पोचली आणि गाईच्या गळ्यात दावं घालावं तशी अलगद अडकली. काइरुआने पायाने स्टँड खाली दाबला, स्प्रिंग ताणली गेली, फटी उघडल्या, आणि अकराच्या अकरा देव टाइल्सवर खणखणत पडले. बहुतेक उताणे.

*

दोर सोडला. गाडी साइड स्टँडवर कलली. सव्वातीन.

आधी काइरुआने प्रयत्न केला. मागचं हँडल धरून गाडी उचलायला गेला. गाडी उचलली गेली नाही, फक्त त्याचा शर्ट पँटमधून बाहेर आला. मग मोएरोआ. त्याने हातांवर थुंकून, दम कोंडून, मानेच्या शिरा फुगवून जोर लावला. गाडी जागची हलली नाही.

"लांबी चुकलीय," काइरुआ म्हणाला. "दुसऱ्याच गाडीचा स्टँड आहे हा."

"तेच," मोएरोआ कपाळ पुसत म्हणाला. "परत पाठवू. चल, मी सोडतो तुला तालमीला. आत्ता निघालो तर—"

"तर साडेचारला पोचू."

"मग पोचू साडेचारला! बिघडतं कुठे?" तो एकदम ओरडला, आणि मग स्वतःच दचकून थडग्याच्या कडेवर बसला. "त्या दिवशी गाडीखाली तू हसत होतीस. सगळे हसत होते. मला वाटलं, नवा खुबा गेला, पाय गेला, सगळंच गेलं. पंधरा दिवस झोपलो नाही मी. तू घोरत होतीस."

अकाइतीने त्याच्याकडे पाहिलं. हे त्याने पाच महिने खिशात ठेवलं होतं, किल्लीबरोबर.

"सांगायचं नाही का, गाढवा?"

"आता सांगितलं."

"बरं. आता सरक."

ती गाडीच्या डाव्या बाजूला उभी राहिली. एक हात हँडलवर, एक सीटमागच्या नळीवर. गाडी सरळ करताना मोएरोआने हात पुढे केला; तिने तो कोपराने उडवला. कमरेतून पिळवटायच्या ऐवजी तिने स्टँडची पट्टी उजव्या पायाने दाबली. स्टँडचे दोन्ही पाय टाइलला टेकले, तशी गाडी आपोआप सरळ झाली.

"हातांनी काय उचलत होता तुम्ही दोघं? पोतं आहे का ते?"

असं म्हणून ती पट्टीवर चढली. जोर लावला नाही, दम कोंडला नाही, जिना चढावा तशी उजव्या पायावर उभी राहिली, आणि डावा पाय, नव्या खुब्यासकट, जमिनीवरून उचलला. एकशे अकरा किलो त्या चार बोटं रुंद पट्टीवर आले. गाडी मागे सरकून वर चढली, आणि मागचं चाक पपांच्या छातीवर अधांतरी फिरायला लागलं.

काइरुआने टोपी काढली.

"थडग्यावर कुणीही लावेल," मोएरोआ म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. "चर्चबाहेर वाळू आहे. तिथे हाही रुतेल."

"पाळकांच्या गाडीपुरतं सिमेंट केलंय की. तिथे लावीन."

"ती पाळकांची जागा आहे!"

"ते समोर राहतात. चालत येतील." तिने हात पुढे केला. मोएरोआने खिशात हात घातला, जितका वेळ लावता येईल तितका लावला, आणि किल्ली दिली.

"आणि मी कसा येऊ?"

"मागे बस."

तो बसला नाही. मागे बसण्याबद्दल त्याची काही मतं होती, ती बहुधा गेल्या पाच महिन्यांत तिला मागे बसवताना तयार झाली असावीत.

*

चर्चशी ती वीस मिनिटं आधी पोचली. पाळकांच्या सिमेंटवर गाडी एका दमात वर चढवली, दोनदा उगाच उतरवून पुन्हा चढवली, आणि आत जाऊन बायकांच्या बाजूला पुढच्या बाकावर, मधोमध, बसली.

तुआइने चारला पाच कमी असताना आली. बाकाकडे पाहून थबकली.

"लवकर आलीस?"

"तू उशिरा आलीस."

तुआइने बाजूला बसली. पाळकांची बायको दारात उभी राहून बाहेर पाहत होती. बाहेर पाळक गाडीवर बसून फाटकाशी तिसरी चक्कर मारत होते. चार वाजले. अकाइतीने छाती भरून घेतली. तुआइनेचं तोंड सवयीने उघडलं आणि तसंच राहिलं, कारण पहिली ओळ तोवर छपराला जाऊन आदळली होती. बायकांनी ती झेलली. मागच्या बाकांवरून पुरुषांनी खालच्या पट्टीत हुंकार टाकला. हुंकारात एक आवाज कमी होता, मोएरोआचा.

तो साडेचारला पायी आला. घामाने थबथबलेला, हातात कुणीतरी दिलेला तारो. मागच्या बाकावर धपकन बसला आणि धापा टाकत भलत्याच ठिकाणी हुंकारला. सगळं चर्च वळून पाहू लागलं.

अकाइतीने मान वळवली नाही. पुढची ओळ मात्र तिने मुद्दाम अर्धा सूर वर उचलली.