रिकाम्या गल्लीचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. जन्मभर एक डोळा मिटून बघणाऱ्यांशीच गाठ पडल्यावर दुसरे काय होणार?

कारखान्यातून मी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थांकडे आलो. तेव्हा माझा काय तोरा होता! मग नवे कॅमेरे आले आणि मी अकरा वर्षे कपाटात पडून राहिलो. माझे शटर गंजले. झटकन उघडझाप करणे त्याला जमेना. उघडले की मिनिटभर तरी उघडेच राही.

गृहस्थांच्या पुतण्याने मला बाहेर काढले. तो एक कादंबरी वाचत होता. तिच्यातल्या शहरातून सगळी माणसे निघून गेलेली असतात. ते शहर त्याला आपल्याच शहरात हवे होते. मला दुरुस्तीला नेण्याऐवजी त्याने माझ्यावर काळी काच लावली आणि भर दुपारी मला चार-चार मिनिटे उघडे ठेवले. एवढ्या वेळात चालती-फिरती माणसे फोटोत उमटतच नाहीत. गजबजलेले रस्ते ओस दिसू लागले. पुतण्या खूश! मला मात्र कुठेतरी पाणी मुरतेय असे वाटत होते.

पुतण्याने या फोटोंचे प्रदर्शन भरवले, तिथे शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. भिंतीवर त्यांचीच गल्ली होती.

"अरे, मी तुझ्यासमोरून दहा वेळा गेले. कुठे गायब केलंस मला?"

"मावशी, ही कल्पना आहे."

"कल्पनेत आम्हाला जागा नाही होय?"

आठवड्यात माझा संशय खरा ठरला. तिथल्या घरांच्या मालकाने तोच फोटो जोडून सरकारी कार्यालयात अर्ज केला: इथे कोणी राहत नाही, घरे पाडू द्या. पुतण्याचा चेहरा उतरला. दुसरा कॅमेरा आणतो म्हणाला, पण मावशी हट्टाला पेटल्या.

"ज्यानं आम्हाला पुसलं, त्यानंच आता दाखवायचं!"

सगळी गल्ली आपापल्या दारात उभी राहिली. चार मिनिटे कोणी हलायचे नाही असे ठरले. तेवढ्यात मालक आला. माझ्यासमोर येरझारा घालत ओरडू लागला, "बंद करा हा तमाशा!" कोणी मानसुद्धा वळवली नाही. मला वाटले, हा आता सगळ्यावर पाणी फिरवणार.

फोटो धुऊन आला. मावशी, शेजारणी, कडेवर झोपलेले बाळ, सगळे ठळक. मालक तेवढा कुठेच नव्हता.

हा फोटो त्याच सरकारी कार्यालयात गेला आणि घरे वाचली आहेत, सध्या तरी. मित्रांनो, जुन्या वस्तू वेळेवर दुरुस्त करून घेत जा. आणि कोणी रिकाम्या गल्लीचा फोटो दाखवला, तर आधी विचारा, कॅमेरा किती वेळ उघडा होता?