एका खात्यावरचे दोन फोन

दुरुस्तीवालीने सुनेचा फोन काउंटरवर ठेवला आणि चष्मा कपाळावर सरकवला. फोनातली कचरापेटीही रिकामी आहे, म्हणाली. पुसलेलं तिथे महिनाभर पडून राहतं, पण इथे कुणीतरी ती पेटीसुद्धा साफ केली आहे.

सासू लगेच बोलली. चार दिवस घरात जे तोंडसुख घेतलं होतं, तेच तिने इथेही घेतलं. हल्लीच्या पोरींना नवऱ्याची आठवणसुद्धा धड सांभाळता येत नाही, हातात वस्तू दिली की तिची मातीच. दोन गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. सून काचेवरचा ओरखडा अंगठ्याने पुसत राहिली, जसा काही तो निघणार होता.

गेले होते ते दवाखान्यातले सात व्हिडिओ, सासूच्या मुलाचे शेवटचे. त्यातल्या एकात तो लेकीशी बोलला होता, आणि लेक तेव्हा पोटात होती. आता ती रांगत होती. बापाचा तिच्या वाट्याला आलेला आवाज तेवढाच.

"एक वाट आहे," दुरुस्तीवाली म्हणाली. "कंपनीला अर्ज करायचा. पण कुठल्या फोनवरून पुसलं आणि कुठल्या दिवशी, ते नेमकं सांगावं लागतं. अंदाज चालत नाही. या खात्यावर दोन फोन दिसतायत, एकावर पुसलं की दुसऱ्यावरूनही जातं. दुसरा कुणाचा?"

"आईंचा. ह्यांनीच जोडून दिला होता, घरातले फोटो दोघींना दिसावेत म्हणून. पण आईंना त्यातलं काही येत नाही."

येत नाही, असं कुणी म्हटलेलं सासूला आजवर खपलं नव्हतं. अक्षर लागत नसे, पण कचऱ्याच्या डब्याचं चित्र कुणालाही कळतं. फोन उघडला की मुलगा समोर यायचा, नाकात नळी, गालफडं बसलेली. तो तिचा नव्हेच. तिचा चांगला भरल्या अंगाचा होता. आपल्या फोनातून काढला म्हणजे आपल्यापुरता गेला, असं तिने धरलं. आपली ट्रंक आवरली म्हणून सुनेची थोडीच रिकामी होते? आणि केर कोपऱ्यात लोटून ठेवणाऱ्यातली ती नव्हती. डबाही तिनेच ओतला होता.

गप्प बसणं सोपं होतं. सून तर गप्पच होती.

तिने पिशवीतून आपला फोन काढून काउंटरवर ठेवला.

"लिही. ह्याच फोनवरून. त्याला जाऊन नऊ महिने झाले त्या दिवशी, दुपारी."

सुनेने मान वर केली. सासू भिंतीवरच्या चार्जरच्या वायरी बघत राहिली.

आठवड्याने सातांतले पाच परत आले. लेकीशी बोललेला त्यांत होता. सून पलंगावर बसून बघत होती, पोर मांडीवर. सासू दारातच उभी राहिली. लेकीशी बोलून झाल्यावर त्याने दम घेतला आणि बायकोकडे पाहिलं.

"हा आईला दाखवू नकोस. तिला नाही बघवणार."

सुनेने चटकन फोन उपडा केला. सासू आत आली, शेजारी बसली आणि तो सरळ करून स्वतःच्या हातात घेतला.

"मला काय बघवतं, काय नाही, ते हा कोण ठरवणार," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "मागे घे. पहिल्यापासून लाव."

फोन तिच्या हातात स्थिर राहीना, म्हणून सुनेने खालून हात लावला.