मंतरलेली हवा

पाच फेऱ्या मारून गाडी शर्यतीच्या ट्रॅकवरून आत आली आणि तिच्याभोवती ही गर्दी जमली. सकाळी टायरची हवा मंतरून गेलेल्या हवाबाबांनी डाव्या पुढच्या टायरला हवेचा मीटर लावला. तेव्हा हवा तीस होती, आता काटा अडतीसवर.

"कुणी भरली?" बाबांनी विचारलं.

"कुणीच नाही," लोक एका सुरात म्हणाले.

"मंतरलेली हवा आहे, बाबांनो. श्रद्धा असली की तिला पिल्लं होतात. पथ्य एकच, ती सोडायची नाही. सोडली की कोप झालाच म्हणून समजा."

लोकांनी हात जोडले. टायरच्या दुकानात वीस वर्षं काढलेल्या ताईचा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. टम्म फुगलेला टायर रस्ता नीट धरत नाही. तिच्या धाकट्या भावाची हीच गाडी वळणावर दोनदा घसरली होती, आणि दहा मिनिटांत तो पुन्हा निघणार होता. फडकं पिळत तिने चार येरझाऱ्या घातल्या.

"धाकट्या, बत्तीसवर आण."

"नको ताई. बाबांचा शब्द आहे."

ती बाबांकडे वळली. "या चाकात तुमचीच हवा ना?"

"काटाच सांगतोय की."

"तुम्ही मंत्र म्हणून गेलात आणि याचा व्हॉल्व्ह गळायला लागला. मी तो बदलला, साध्या पंपाने पुन्हा तीस भरली. मंत्र नाही म्हटला, पंपाला शिव्या तेवढ्या दिल्या. तरी पिल्लं झाली?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"बाकीच्या तीन चाकांचा गुण लागला," बाबा म्हणाले.

"वाण नाही पण गुण लागला, असं होय? मग आत्ताच फेऱ्या मारून आलेल्या त्या पिवळ्या गाडीला कुणाचा लागला? तिच्या मालकाने तर तुम्हाला जवळही येऊ दिलं नव्हतं."

पिवळ्या गाडीच्या मालकाने स्वतःच मीटर लावला. सकाळची पंचवीस, आता बत्तीस.

"टायर घासून तापतो," ताई म्हणाली, "आतली हवा तापते, पसरायला बघते. कोंडलेली ती, जाणार कुठे? दाब वाढतो. म्हणून गार असताना कमी भरायची, तापल्यावर बत्तीस होईल इतकीच."

"कोप होईल," बाबा पुटपुटले.

धाकट्याने एकदा बाबांकडे पाहिलं. तरी तो खाली बसला आणि चारही चाकांची हवा त्याने बत्तीसवर आणली. मग तो ट्रॅकवर गेला. त्या वळणाला ताईने श्वास रोखला. गाडी रेषेवरून हलली नाही.

मंडळी, मीटर हात जोडायला नसतो. आकडा वाचा, आणि तो का वाढला ते विचारा. ताईने विचारलं, म्हणून तिचा भाऊ धडधाकट घरी आला.