टोचतंय का

दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांची मापं येत आणि तो त्यांच्या कवळ्या घडवी. बावीस वर्षं हेच काम. निम्म्या शहराचं हसू त्याच्या हाताखालून गेलं होतं, पण घरात आईचं तोंड मात्र बोळकंच. आईला ओळीला ओळ जुळवायची खोड. "जगाच्या तोंडी दात बसवले, आईचे तेवढे राहून गेले," असं ती येईल त्याला ऐकवी आणि हिरड्या दाखवून हसे.

आता ते दात घडत होते, कारण तो जाणार होता.

बायको दीड महिन्यापूर्वीच आपल्या देशी परतली होती. तिथे तिच्या वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलेलं, आणि त्यांना तिच्यावाचून कोणी नव्हतं. लग्नानंतर नऊ वर्षं ती इथे राहिली, इथली भाषा शिकली, सासूशी भांडण्याइतकी शिकली. आता त्याची पाळी होती. जायचं हे ठरलं होतं. ठरत नव्हता तो व्हिसा.

टेबलावर दोन अर्ज पडून होते. एक भेटीचा: तीन महिने राहा, परत या, पुन्हा जा, पण तिथे कामाला हात लावायचा नाही. दुसरा जोडीदाराचा: कायमचं राहा, कामही करा; मात्र तिथे गेल्यावर अंतिम निकाल लागेपर्यंत, म्हणजे दीड-दोन वर्षं, देशाबाहेर पाऊल टाकलं की फाइल बंद. आई एक्क्याऐंशीची. तिच्या हृदयाचे डॉक्टर वर्षाच्या गोष्टी करतच नसत, पुढच्या तपासणीपुरतं बोलत.

"तू ठरव, मी काही बोलणार नाही," बायको फोनवर म्हणाली. मग जरा वेळाने, "काल बाबांना उठवताना दोघंही पडलो. फारसं लागलं नाही."

आई मात्र बोलायची. "दुसरा भर. दर तीन महिन्यांनी बॅग उचलणारा नवरा काय कामाचा?"

"आणि तू?"

"मला काय धाड भरलीये? खालच्या मजल्यावर ताई आहे तुझी. आणि दात यायच्या वयात कोणी मरतं होय?"

त्याने मनाशी एक गाठ बांधली. कवळी नीट बसली, आई चावून जेवू लागली, अंगात जोर आला, तर जोडीदाराचा अर्ज. नाही बसली, तर भेटीचा.

नवी कवळी हिरडीला टोचतेच. टोचेल तिथे घासायची, पुन्हा घालून बघायची. चार-पाच खेपा होतात. आईने तिसऱ्याच दिवशी सांगितलं, "नाही रे टोचत."

दुसरं कोणी असतं तर त्याने विश्वास ठेवला नसता. पण आईच्या तोंडाचं माप आपल्या हाताला उपजतच ठाऊक असणार, असं त्याला वाटलं. कारागिराचा अभिमान, दुसरं काय. त्याच संध्याकाळी त्याने जोडीदाराचा अर्ज भरला. महिन्याभरात शिक्का बसून पासपोर्ट आला.

निघायला तीन दिवस उरले असताना तो भर दुपारी घरी आला. आई स्वयंपाकघरात पाठमोरी बसली होती. दुधात भिजवलेला पाव बोळक्या तोंडात घोळवत होती. कवळी वाटीत, पाण्यात. त्याने ती उचलली. दातांवर चहाचा डागसुद्धा नव्हता; म्हणजे ती त्याच्यासमोर तेवढी घातली जात होती.

"तोंड उघड."

खालच्या हिरडीवर, डाव्या अंगाला, जखम होती. कडा पांढरी पडलेली, जुनी.

"कधीपासून?"

"तू अर्ज भरलास त्याच्या आधीपासून." आईने पदराने ओठ पुसले. "टोचतंय म्हटलं असतं, तर तू भेटीचाच भरला असतास. माझ्याच पोटचा ना तू?"

"अजून रद्द करता येईल."

"आणि तिकडे तो म्हातारा रोज लेकीच्या अंगावर पडू दे?" आई म्हणाली. "नऊ वर्षं ती पोर बापाला सोडून माझं करत होती. हे कुठल्या अर्जात लिहितात रे?"

तो तिला धरून आपल्या कवळ्यांच्या कारखान्यात घेऊन गेला, दिव्याखाली बसवलं. कवळीला आतून पांढरी पेस्ट लावली, तिच्या तोंडात बसवली, काढली. जिथली पेस्ट पुसली गेली होती, म्हणजे जिथे टोचत होतं, तिथे घासायचं चाक लावलं. गुलाबी भुगा त्याच्या मांडीवर पडत राहिला.

"टोचतंय का?"

"थोडं."

पुन्हा घासली.

"आता?"

"अगदी थोडं."

त्या थोड्याने त्याला हायसं वाटलं. थोडं म्हणजे खरं होतं. तिसऱ्यांदा कवळी बसली, आईने दातांवर दात मिटले. खपाटीला गेलेले गाल भरून आले आणि त्याच्या शाळेच्या दिवसांतली आई घटकाभर समोर येऊन बसली.

"आता?"

"नाही."

तो तिच्या डोळ्यांत बघत राहिला. डोळ्यांत पाणी होतं; दिव्याचं असेल, जखमेचं असेल. इतक्या जुन्या जखमेचं दुखणं असं एका बैठकीत थांबत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

"एकदा काढ. अजून जरा बघतो."

आईने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"पुरे आता. जास्त घासलीस तर सैल होईल."

त्याने चाक बंद केलं. मग बराच वेळ तो मांडीवरचा भुगा झटकत राहिला.