मुकी बाटली

माझ्या टपरीवर काय मिळत नाही ते विचारा. राक्षसाचे अश्रू आहेत, चंद्राचं दूध आहे, गुप्त व्हायचं औषध आहे, जलपरीचा घाम आहे. सगळं बाटलीबंद, बुचावर मेण ओतलेलं. प्यायचं मात्र नाही हं, आधीच सांगते. फळीवर ठेवायचं आणि बघायचं. आत असतं साधं पाणी, निम्मं ग्लिसरीन, एक थेंब रंग आणि चिमूटभर चमकी. ग्लिसरीनमुळे चमकी सावकाश खाली बसते आणि आत काहीतरी जागं आहे असं वाटतं. पोरांच्या वाढदिवसाला टेबलावर मांडायला लोक डझनाने नेतात.

बाटल्या सगळ्या भंगारातल्या. खोकल्याच्या औषधाच्या, अत्तराच्या, व्हिनेगरच्या. उकळून घ्यायच्या, चुरगळलेला पातळ कागद चिकटवायचा, वर गरम गोंदाने वेल काढायची, नाहीतर नखं, नाहीतर एखादा मिटलेला डोळा. काळा रंग फासायचा, फडक्याने पुसायचा आणि वर आलेल्या जागांवर बोटाने सोनेरी घासायचं. काल फेकलेली बाटली समुद्राच्या तळातून काढल्यासारखी दिसते. लेबलं मी कडक कॉफीत भिजवून तव्यावर वाळवते. आणि एक सांगते, माझी बाटली नासत नाही. वर्षं गेली तरी रंग तसाच, पाणी तसंच नितळ. मला त्याचा फार तोरा होता, आणि तोच मला नडला.

बेलें शहराच्या नदीकाठच्या बाजारात माझ्या बरोब्बर समोर दोना ओस्मारिनाची टपरी. दोना म्हणजे आमच्याकडे बाई. ती जडीबुटीवाली. तिच्याकडे दोरीला टांगलेल्या बाटल्या असतात त्या खऱ्या: नोकरी लागायची, नवरा घरात टिकायचा, सवतीला पळवायची. माझ्या मालाला ती मुक्या बाटल्या म्हणायची. कारण त्यांच्या धंद्यात बूच लावायच्या आधी बाटलीच्या तोंडाला ओठ लावून ज्याच्यासाठी बाटली त्याचं नाव हळूच आत सोडतात आणि लगेच बूच दाबतात. नाव आत गेलं की बाटली बोलकी झाली. मी आपली नुसतीच बूच ठोकणारी. मी म्हणायचे, मुकी असली तरी माझी नटूनथटून बसते, तुझ्या बोलकीने तोंडसुद्धा धुतलेलं नसतं. मग ती माझ्या आईचा उद्धार करायची आणि दुपारी मला आपल्या डब्यातला तळलेला मासा द्यायची. असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

तिचा एकच मुलगा, एदिवाल. खाडीपलीकडच्या बेटांवरून असाईच्या जांभळ्या फळांच्या टोपल्या भरून बोटीने आणायचा. पहाटे माझी खोकी उचलून द्यायला तोच यायचा. लहानपणी कान फुटला होता, त्यामुळे डाव्या कानाने त्याला धड ऐकू यायचं नाही, आणि तो सगळ्या बाजाराशी ओरडून बोलायचा. आपण हळू बोललो की नुसता हसून मान डोलवायचा, म्हणजे ओळखायचं, ह्याला ओ की ठो कळलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात खाडीत त्याची बोट उलटली. दोघे परत आले. त्यातला एक म्हणाला, मी आणि एदिवाल एकाच फळीला धरून होतो, उजाडताना त्याचे हात सुटले, मी डोळ्यांनी पाहिलं. अंग काही सापडलं नाही. अशा वेळी आमच्याकडे भोपळ्याच्या वाटीत मेणबत्ती लावून ती पाण्यावर सोडतात. वाटी जिथे थांबेल तिथे खाली माणूस. एदिवालची वाटी गोल गोल फिरत राहिली आणि वाऱ्याने विझली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. ओस्मारिना मात्र म्हणाली, "थांबली नाही ना? मग माझा पोरगा खाली नाही."

तिने हाकेची बाटली बांधली. गेलेल्याला परत बोलवायची ती हाकेची. पिवळट हिरवं पाणी, आत दोन मुळ्या, मानेला लाल दोऱ्याच्या तिच्या खास गाठी. टपरीच्या पुढच्या फळीवर ठेवली ती ठेवलीच. महिन्याकाठी पाणी गढुळायचं, मग ती उघडून ताजं भरायची, लगोलग ओठ लावून नाव परत आत सोडायची आणि बूच. क्षणभरसुद्धा नाव बाहेर राहू द्यायची नाही. त्यांच्यात असं मानतात की बाटली बंद आहे तोवर त्या माणसाला जाता येत नाही. चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा ठेवू दिली नाही, काळे कपडे घालू दिले नाहीत. सून लुसिनेत, तिला रोज संध्याकाळी त्या बाटलीपाशी बसवायची. पोरीला बेटावर आईकडे जायचं होतं. ओस्मारिना म्हणायची, तो आला आणि तू घरात नसलीस तर काय तोंड दाखवू त्याला?

एक दिवस लुसिनेत माझ्या टपरीमागे येऊन उकिडवी बसली. हातात माझी एक बाटली घेऊन उगीच हलवत राहिली.

"मावशी, तुम्ही हुबेहूब करता ना? दोनाच्या हाकेच्या बाटलीसारखी एक करून द्या."

मी म्हटलं, मी खेळणी करते गं बाई, ह्या भानगडीत मला ओढू नकोस.

"तो स्वप्नात येतो ना, तर ओला असतो," ती म्हणाली. "दारात उभा राहतो. आतही येत नाही आणि जातही नाही. मला त्याला सोडवायचंय. दोनाला कळू न देता. कळलं तर तिचं काळीज फाटेल."

माझाही नवरा गेलेला आहे, पण मला निदान माती द्यायला मिळाली. मी हो म्हटलं.

तेवढी मन लावून मी दुसरी कुठलीच बाटली केली नाही. तशीच बाटली शोधली, खांद्यावर तसाच ओरखडा काढला. मुळ्या उकळून ग्लिसरीनमध्ये मुरवल्या. लाल दोऱ्याच्या गाठी तर मी इतकी वर्षं समोर बसून पाहिलेल्या. सगळं झालं आणि बूच हातात घेतलं, तेव्हा मात्र थांबले. एदिवालचं नाव घ्यावं का? माझी छाती झाली नाही. रंगीत पाण्यात त्या पोराचं नाव कुठल्या तोंडाने सोडू? तसंच बूच ठोकलं.

दुपारचा रोजचा पाऊस आला, बाजार पत्र्याखाली गोळा झाला, ओस्मारिना टेबलावर डोकं टेकून डुलक्या घेऊ लागली. मी जाऊन बाटली बदलली. लुसिनेत खरी बाटली पदराआड घेतल्यासारखी छातीशी धरून पायऱ्यांवरून पाण्यापर्यंत गेली. ओहोटी होती. तिने मेण फोडलं, बूच काढलं, आणि एकदाच, पण त्याच्या नावाने अशी हाक मारली की कोळ्यांनी सुऱ्या थांबवून वर पाहिलं. मग बाटली उलटी केली. परत आली तेव्हा नखशिखांत भिजली होती, पण तोंडावरचा ताण गेला होता. त्या रात्री झोप लागली, असं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मला वाटलं, मिटलं. आता बाटली तिथे राहील, म्हातारीचा जीव हळूहळू शांत होईल, आणि पोरगी आपल्या वाटेने जाईल.

महिना सरला. बाटली गढुळली नाही. गढुळणार कशी, माझी होती ती.

त्या बायकांचा एक समज मला कधी कळलाच नव्हता. माझ्या बाटलीत नासण्यासारखं काही नाही, म्हणून नासण्याचा अर्थ काय हे मी कधी विचारलंच नाही. हाकेची बाटली महिनाभर नितळ राहिली, तर ज्याला हाक मारली त्याने ती ऐकली आणि तो वाटेला लागला, असं धरतात. मुदत उलटली त्या सकाळी ओस्मारिनाने बाटली उजेडात धरली. मग हसायलाच लागली. बाजारातल्या सगळ्या जडीबुटीवाल्या येऊन बाटलीला हात लावून गेल्या. तिने टपरी बंद ठेवून घर धुऊन काढलं. एदिवालचा दोन भिंतींमध्ये टांगून झोपायचा कापडी झोळणा पेटीतून काढला, धुतला आणि त्याच्या जागी बांधला. भेटेल त्याला सांगत सुटली, पोरगा निघालाय म्हणून. माझ्याकडे पाहून म्हणाली, बघ गं झुल्मीरा, बोलकी बाटली कशी असते ते.

मी वळून माझ्या बाटल्या पुसायला लागले.

लुसिनेत माझ्याकडे आली तेव्हा तिला धड रडताही येत नव्हतं. दोना रोज माझ्यापुढे त्याचं ताट मांडते, म्हणाली. मावशी, तुम्हाला रंग कळतात, काहीतरी करून ती बाटली गढूळ करा. करणं काही अवघड नव्हतं. सुईने बुचाला भोक पाडायचं, दोन थेंब दूध सोडायचं. सुई मी हातात घेतलीही होती. पण मग काय झालं असतं? ओस्मारिनाने ताजं पाणी भरून परत नाव घेतलं असतं, आणि मरेपर्यंत घेत राहिली असती. आणि ते पोर परत दारात ओलं उभं. मी सुई ठेवून दिली. केलं मी होतं, निस्तरायचंही मलाच होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं सामान टोपलीत घालून मी तिच्या घरी गेले. घरात तळलेल्या माशाचा वास होता. झोळणा बांधलेला, कडक धुतलेला. हाकेची बाटली तिने आता घरी आणून ठेवली होती, दाराकडे तोंड करून. म्हणाली, बस, असाई घे. मी म्हटलं, आधी जरा इकडे बघ. लुसिनेत चुलीपाशी उभी होती, ती हललीच नाही.

मी टेबलावर रिकामी बाटली ठेवली. पाणी ओतलं, ग्लिसरीन ओतलं. पिवळा टाकला, मग हिरवा, काडीने ढवळलं. मुरवलेल्या मुळ्या सोडल्या. खांद्यावर कानशीने ओरखडा काढला. मानेला लाल दोरा गुंडाळून तिच्या गाठी मारल्या. बूच लावलं, मेण ओतलं, आणि बाटली तिच्या बाटलीशेजारी नेऊन ठेवली. दोन्हींत तसूभर फरक नव्हता.

ओस्मारिनाने दोन्ही बाटल्या हातात घेऊन पाहिल्या. मला वाटलं, आता ही माझ्या तोंडात मारणार, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"माझी कुठाय?" तिने विचारलं.

"मी खाडीत ओतली, दोना," चुलीजवळून लुसिनेत म्हणाली.

ओस्मारिनाने तिच्याकडे पाहिलं नाही. माझी महिन्याभरापूर्वीची बाटली उचलली आणि मला विचारलं, "हिचं बूच लावताना नाव कोणी घेतलं?"

"कुणीच नाही."

"कुणीच नाही?"

"माझी छाती झाली नाही गं."

"म्हणजे मुकीच." तिने नखाने मेण खरवडलं, बूच ओढून काढलं आणि बाटली नाकाशी नेली. ग्लिसरीनला कसलाही वास नसतो. तिने ती अलगद टेबलावर ठेवली, पण बूच हातातच राहिलं. "ओतली तेव्हा पाणी कुठे चाललं होतं?"

"ओहोटी होती," मी म्हटलं. ओहोटीला सोडलेलं परत येत नाही, हे मी तिला काय सांगणार.

"आणि ओतताना ही पोरगी काही बोलली?"

"तिने त्याचं नाव घेतलं. एकदाच. पण मोठ्याने. कोळ्यांनीसुद्धा ऐकलं."

तिचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला. तिथेच राहिला.

"मोठ्याने घेतलं ते बरं केलं," ती म्हणाली. "मी आपली इतके दिवस बाटलीत पुटपुटत बसले. त्याला हळू बोललेलं ऐकू कुठे यायचं."

आणि मग ती रडली. बोट उलटल्यापासून पहिल्यांदा, तोंड उघडून, बाजारात कुणी मेलं की आम्ही सगळ्या रडतो तशी. लुसिनेत येऊन तिच्या पायांशी बसली. मी टेबलावरचं माझं सामान उगीच आवरत राहिले.

ऊन उतरल्यावर ती उठली आणि झोळण्याच्या गाठी सोडायला लागली. सुटेनात. भरल्या अंगाच्या माणसाचं वजन पेलायला म्हणून घट्ट बांधलेल्या त्या. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, दातांनी सोडवल्या. झोळण्याची घडी घालून तिने ती लुसिनेतच्या हातात दिली आणि म्हणाली, मिस्सा कधी ठेवायची ते तू सांग, मग आईकडे जा.