एकतीस पूर्णांक चार

बाबांना जाऊन चौथा दिवस होता. भेटायला येणारे ओसरले की घरातली माणसं हॉस्पिटलची फाइल वाचायला बसत. दुःखात माणसाला हाताला काहीतरी लागतं. कुणी पोथी घेतं, आमच्याकडे फाइल घेतली.

ताप डोक्यात गेला म्हणून अमरावतीच्या डॉक्टरांनी सुचतील त्या सगळ्या तपासण्या केल्या होत्या. मेंदूज्वराच्या संशयानं पाठीतलं पाणीही तपासलं, त्यात काही निघालं नाही. बाबा शेवटी हृदयानं गेले. पण त्या गठ्ठ्यात रक्ताचा एक रिपोर्ट होता: हर्पीस टाइप एक, आयजीजी अँटीबॉडी, पॉझिटिव्ह. पुढे आकडा, ३१.४.

माझा आतेभाऊ अमोल नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात सुपरवायझर आहे. मोबाइलवर बोट फिरवत तो म्हणाला, "हे तर तसलं निघालं."

"तसलं म्हंजे?" मोठेबाबांनी विचारलं.

अमोलनं आईकडे पाहून आवाज बारीक केला, "बाहेरच्या संबंधातून लागते ते." त्यामुळे स्वयंपाकघरातल्यांनीही कान दिला.

मोठेबाबा म्हणजे वामनराव, बाबांचे थोरले भाऊ, अकोल्याचे निवृत्त मुख्याध्यापक. लग्न केलं नाही. तरुणपणी रिद्धपूरच्या मठात राहून पंथाचा उपदेश घेतला, तेव्हापासून मद्य आणि मांस वर्ज्य. दुसऱ्याच्या चुकांबद्दल उपदेशात काही सांगितलेलं नसावं. अकोल्याहून उन्हात आल्यानं त्यांचा जर उतला होता, म्हणजे अंगातली उष्णता ओठावर फुटली होती. ओठाच्या कोपऱ्यात फोडांचा झुबका, त्यावर तुपाचं बोट. आमच्या घरात त्याचं कुणाला नवल नव्हतं. बाबांचा उतायचा, आत्याचाही उतायचा.

त्यांनी रिपोर्ट चष्म्याजवळ धरला. "एकतीस पॉइंट चार. एकतीस वर्षं, चार महिने."

"मोठेबाबा, ती वर्षं नाहीत."

"मंग काय हाये? लॅबवाले उगाच आकडा टाकतीन काय?" त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं. "एकतीस वर्षांमागं देवीदास कुठं होता?"

ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा तेव्हा अकोल्याला कापसाचे ग्रेडर होते आणि खुर्शीदबींच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. आई आणि मी अमरावतीत, माझ्या शाळेमुळे. खुर्शीदबींचे यजमान उस्मानचाचा ट्रक चालवायचे, म्हणजे बरेचदा बाहेरगावी असायचे. हे शेवटचं कुणी विचारलं नव्हतं, आत्यानं आपण होऊन सांगितलं.

मी डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. ते शांतपणे म्हणाले, हा विषाणू कधीतरी शरीरात आला होता, एवढंच या तपासणीतून कळतं. कधी आला, कुणाकडून आला, हे कळत नाही. टाइप एक बहुतेकांना लहानपणीच लागतो, घरच्यांच्या लाळेतून, आणि मग जन्मभर राहतो. आकडा म्हणजे वर्षं नव्हेत.

फोन ठेवल्यावर मोठेबाबांनी मान डोलावली. "चांगला मानूस हाये. पेशंटची इज्जत झाकून राहिला."

आई भाजी निवडत होती. संध्याकाळी देव्हाऱ्यापाशी दिवा लावून ती माझ्याजवळ आली.

"खुर्शीदबीले सांग, तेरवीले येऊ नका म्हना."

"आई, तू ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाले?"

"ऐकलं. पन ते डॉक्टर अकोल्याले होते काय तवा?"

दर ईदला अकोल्याहून शीरखुर्म्याचा डबा यायचा आणि दिवाळीत करंज्या भरून परत जायचा. यंदाचा अजून आमच्याकडेच होता. आईनं तो ओट्यावरून उचलून माळ्यावर ठेवला. बाबा गेले त्या दिवशीही तिचा चेहरा इतका बंद झाला नव्हता. मी फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी मोठेबाबांनी घराण्याची अब्रू हाती घेतली.

"आमच्या मायनं, पार्बताबाईनं, आमाले भाकर चावून चावून चारली. आधी मले, मंग त्याच तोंडानं देवीदासले. असं अन्न खाऊन हा असा कसा निघाला?" त्यांचे डोळे खरंच भरून आले. "मी माझं रक्त देतो. घरानं चोख हाये हे कागदावर दाखवतो."

"नका देऊ," मी म्हणाले.

"काहून? भेतं काय तू?"

ते स्वतः लॅबमध्ये गेले. येताना पेढे आणायचं मनात होतं, पण घरात सुतक आहे याची आत्यानं फोनवर आठवण करून दिली.

रिपोर्ट अमोलच्या मोबाइलवर आला. सगळे बैठकीत जमले. आईही दारात येऊन उभी राहिली.

"पॉझिटिव्ह," अमोल म्हणाला.

"नीट वाच बे."

"पॉझिटिव्हच हाये, मोठे मामा. चव्वेचाळीस पॉइंट दोन." आणि सवयीनं त्यानं हिशोब केलाच. "चव्वेचाळीस वर्षांमागं तुमी कुठं होते?"

"रिद्धपूरले," मोठेबाबा म्हणाले, आणि मग त्यांना आपण काय बोललो ते उमगलं.

आत्यानं पदर तोंडाला लावला. तो हुंदका नव्हता.

"मशीन खराब असन."

"मशीन चांगली हाये, भाऊजी." आई त्यांच्यासमोर कधी बोलत नसे. आज तिनं डोक्यावरचा पदरही सावरला नाही. "तुमच्या ओठावर काय हाये?"

"जर उतला."

"ह्यांचाबी उतायचा. आमच्या लग्नातबी उतला होता, फोटोत हाये. तवा कुठलं अकोला अन् कुठली खुर्शीदबी? मायनं दोघाले एकाच तोंडानं चारलं म्हनता ना? डॉक्टर दुसरं काय सांगत होता?"

मोठेबाबा कष्टी झाले. "म्हंजे हे मायवर आलं?"

"मायवर काई नाई आलं. लेकरं पोसून राहिली होती ते." आई माझ्याकडे वळली. "माळ्यावरचा डबा काढ. अन् फोन लाव."

फोन लागला. आई म्हणाली, "खुर्शीदबी, तेरवीले लवकर या जा. संग बसू." पलीकडून रडण्याचा आवाज आला. मग आईही रडली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणानं.

मोठेबाबांनी रिपोर्टची घडी केली आणि ओठाला तुपाचं बोट लावलं. अमोलला मात्र चैन नव्हतं. "मामी, तुमचीबी करून पाहू काय तपासणी?"

"तू आधी तुयी कर," आई म्हणाली. त्यानं मोबाइल खिशात ठेवला.

हार घालायला आधार कार्डावरचाच फोटो मोठा करायचं ठरलं होतं. आईनं अल्बममधून लग्नातला काढून अमोलच्या हाती दिला. बाबा त्यात बाशिंग बांधून उभे आहेत, खालचा ओठ एका बाजूनं टम्म सुजलेला.

तासाभरानं स्टुडिओतून त्याचा फोन आला. "मामी, फोटोवाला विचारते, ओठावरचं साफ करू काय?"

"राहू दे म्हना," आई म्हणाली. "तसेच होते ते."