सहीची जागा

“नवऱ्याची सही लागेल,” मी म्हणाले आणि फॉर्म माझ्याकडे ओढून घेतला.

धडधडीत खोटं. पाचोऱ्याच्या या दवाखान्यात मला नर्स म्हणून सतरा वर्षं झाली. गर्भपाताच्या कागदावर सज्ञान बाईची एकटीची सही पुरते, हे मी झोपेतही सांगेन.

समोर भाविका उभी होती. दीड वर्षाची मुलगी आईकडे ठेवून आलेली, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळणारी. दुसरं मूल आत्ता नको, हे तिने डॉक्टरबाईंना न अडखळता सांगितलं होतं.

“कसाले, अक्का? तो सुरतले शे. शरीर मनं, मंग हक्क बी मनाच ना?”

शरीर तिचं, म्हणून हक्कही तिचाच म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

धुळ्याला सासूने मलाही असंच टेबलाशी उभं केलं होतं. दोन मुली झालेल्या, पण तिसरं मला हवं होतं. सासूने बोट ठेवलं तिथे मी सही केली. तो फॉर्म मी वाचला तो थेट नर्स झाल्यावर. त्यात नवऱ्याला किंवा सासूला जागाच नव्हती. संमती माझी एकटीची होती. मला साधं ‘हवं’ म्हणता आलं नाही आणि ही पोरगी ठणकावून ‘नको’ म्हणते, याचा मला हेवा वाटला. अजूनही वाटतो.

भाविका फोन घेऊन बाहेर गेली. थोड्या वेळाने आमच्या आया, भिकुबाई, आत आल्या.

“सिस्टर, ती पोर पायरीवर फोन हातमा धरीसन रडी राहिनी. काय सांगं तुम्ही तिले?”

मी उठले आणि तिच्याशेजारी जाऊन टेकले. “मी खोटं बोलले. तुझी एकटीची सही पुरते.”

तिने डोळे पुसले. “तुमले हाई पाप वाटस का, अक्का?”

“मला काय वाटतं, ते त्या कागदात विचारलेलं नाही. चल, तू आधी वाच.”

ओळीखाली बोट धरून ती सावकाश वाचत होती. डॉक्टरबाईंनी आतून दोनदा हाक मारली.

“थांबा, वाचतेय ती,” मी म्हणाले.

नाव, वय, गाव, सगळं तपासून झाल्यावर तिने कागद उलटला आणि मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. मागे कोरं होतं.

मग मी तिला पेन दिलं.